खुर्ची आणि संघटना : इनुइट समाजाच्या राजकीय प्रतिनिधित्वाविषयी

(वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



संयोजकांनी आम्हांला निमंत्रण देताना विषयाचे बंधन घातले नाही. डॉक्टर मंडळींनी रक्तदाब आणि मधुमेह यांवरच बोलावे अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. तो विषय आपण जेवणानंतरच्या गप्पांसाठी राखून ठेवू. आज आम्ही या कॅनडा देशाच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या एका लहान समाजाविषयी बोलणार आहोत. आपण सर्वांनी त्यांना शाळेत भूगोलाच्या पुस्तकात पाहिले आहे. बर्फाचे घर, कातडी वस्त्रे, कुत्र्यांची घसरगाडी आणि चित्राखाली 'एस्किमो' हा शब्द. ते नाव त्यांचे नव्हे, इतरांनी दिलेले. ते स्वतःला 'इनुइट' म्हणवतात आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'माणसे' एवढाच आहे. एकटा असेल तर 'इनुक'. दुसऱ्याने चिकटवलेले नाव टाकून स्वतःचे नाव घेणे म्हणजे काय, हे या सभागृहात समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

हा समाज चार देशांत विभागला गेला आहे: रशियाचे पूर्व टोक, अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंड. सर्व मिळून संख्या सुमारे १ लाख ८० हजार. त्यांपैकी कॅनडात, २०२१ च्या जनगणनेनुसार, ७० हजारांच्या थोडे वर. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढीही ही संख्या नाही. असे असूनही या लोकांनी एका पिढीच्या अवधीत या देशाचा नकाशा बदलून घेतला. हे कसे घडले, याचा विचार करताना आम्हांला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. सभागृहातील खुर्ची त्यांना संघटनेच्या आधी मिळाली होती, परंतु त्या खुर्चीने फारसे काही साधले नाही. संघटना उभी राहिल्यावरच खुर्चीला किंमत आली. आणि विशेष म्हणजे, स्वतःचे सरकार आल्यावरही त्यांनी संघटना मोडली नाही.

प्रथम, प्रतिनिधित्व नव्हते तेव्हाची स्थिती पाहू. १९३९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने इनुइट लोकांविषयी एक निकाल दिला. वाद असा होता की क्यूबेक प्रांतात उपासमारीत सापडलेल्या इनुइट लोकांना मदत देण्याचा खर्च कोणी सोसायचा, प्रांताने की केंद्राने. न्यायालयाने सांगितले, केंद्राने. या खटल्याचे पक्षकार दोन सरकारे होती. ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्यांच्यापैकी कोणीही पक्षकार नव्हते. त्याआधीच १९३४ च्या मताधिकार कायद्याने इनुइट लोकांना केंद्रीय निवडणुकीतून स्पष्टपणे वगळण्यात आले होते. १९५० साली तो अधिकार परत मिळाला, मात्र पूर्वेकडील आर्क्टिकच्या वस्त्यांपर्यंत मतपेट्या पोहोचायला १९६२ साल उजाडले. अधिकार कागदावर असणे आणि मतपेटी दारात असणे यांत बारा वर्षांचे अंतर पडले.

मग क्रमांकांचे प्रकरण. इनुइट लोकांत आडनाव नसे. मुलाला बहुधा नुकत्याच निवर्तलेल्या आप्ताचे नाव देत, आणि ते मुलाला दिले की मुलीला, याला महत्त्व नसे. सरकारी नोंदवह्यांना हे पेलवेना. म्हणून १९४१ पासून प्रत्येक इनुकला एक लहान गोल बिल्ला देण्यात आला. त्यावर राजमुकुट आणि क्रमांक कोरलेला असे; पूर्वेकडच्यांसाठी 'ई', पश्चिमेकडच्यांसाठी 'डब्ल्यू'. तो गळ्यात घालायचा किंवा कपड्याला शिवून ठेवायचा. ही कल्पना पुढे आणणाऱ्यांत उत्तरेत नेमलेला एक वैद्यकीय अधिकारी होता, हे आम्ही आमच्या व्यवसायाच्या वतीने खेदपूर्वक नमूद करतो. त्याला रुग्णनोंदी नीट ठेवायच्या होत्या. हेतू वाईट नसावा. परंतु एका संपूर्ण समाजाने पंचवीस वर्षांहून अधिक काळ पत्रव्यवहारात, शाळेत, दवाखान्यात क्रमांकाने ओळखले जावे, ही त्याची परिणती झाली.

१९६५ साली वायव्य प्रदेशाच्या विधिमंडळावर एब ओकपिक यांची नेमणूक झाली. त्या सभागृहात बसणारे ते पहिले इनुक. पुढच्याच वर्षी सिमोनी मायकेल हे निवडून आले. निवडणुकीने आलेले ते पहिले. मायकेल यांनी सभागृहात मागणी केली की आम्हांला क्रमांकाने नव्हे, नावाने ओळखा. त्यातून आडनावे नोंदवण्याची मोहीम निघाली, आणि १९६८ ते १९७१ या काळात ओकपिक यांनी वस्तीवस्तीत फिरून घराघराला कोणते आडनाव हवे ते विचारून नोंदवले. एकट्यादुकट्या प्रतिनिधीने काय साधते याचे हे चांगले उदाहरण आहे. नाव परत मिळाले. जमीन, शाळा, दवाखाना यांचे निर्णय मात्र पूर्वीप्रमाणेच ओटावात होत राहिले.

ते निर्णय कसे होत, याची दोन उदाहरणे देतो. १९५३ आणि १९५५ साली क्यूबेकच्या उत्तर किनाऱ्यावरील इनुकजुआक येथून काही कुटुंबे, आणि पाँड इन्लेट येथील काही, जहाजाने दूर उत्तरेला रेझोल्यूट आणि ग्रीस फियोर्ड येथे नेऊन सोडण्यात आली. इनुकजुआकच्या लोकांना दोन हजार किलोमीटर उत्तरेला, जिथे हिवाळ्यात काही महिने सूर्य उगवत नाही, अशा अनोळखी भूमीवर नेले गेले. शिकार भरपूर मिळेल आणि दोन वर्षांनी वाटल्यास परत आणू, असे सांगण्यात आले होते. परत आणले नाही. त्या जहाजावर जॉन अमागोआलिक नावाचा पाच वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव पुढे पुन्हा येईल. सरकारने या कृत्याबद्दल माफी मागितली ती २०१० साली.

दुसरे उदाहरण आमच्या व्यवसायातले, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबतो. गेल्या शतकाच्या मध्यास क्षयरोगाने उत्तरेत थैमान घातले होते. १९५० पासून 'सी. डी. हाऊ' हे सरकारी जहाज उन्हाळ्यात वस्त्यांना भेट देई. त्यावर क्ष-किरण यंत्र होते. लोकांना जहाजावर बोलावून छातीचे चित्र घेतले जाई, आणि ज्याच्या छातीत डाग दिसला त्याला बहुतेक वेळा किनाऱ्यावर परत जाऊ न देता थेट दक्षिणेकडच्या आरोग्यधामात नेले जाई. आई गेली की तान्हे मूल कोणाकडे ठेवायचे, बाप गेला की शिकार कोणी करायची, हे ठरवायलाही वेळ मिळत नसे. १९५६ च्या सुमारास कॅनडातील दर सात इनुइट व्यक्तींमागे एक दक्षिणेत उपचार घेत होती. उपचार योग्यच होते. त्यांनी हजारो प्राण वाचवले, हे आम्ही ठामपणे सांगू. परंतु जे वाचले नाहीत त्यांना तिथेच पुरण्यात आले आणि अनेक कुटुंबांना कुठे पुरले हे कळवलेसुद्धा नाही. २०१९ च्या मार्चमध्ये पंतप्रधान ट्रूडो यांनी इकालुइट येथे जाऊन याबद्दल माफी मागितली. त्या वेळी 'नानिलावुत' या उपक्रमाची घोषणा झाली. या शब्दाचा अर्थ 'चला, त्यांना शोधू या'. हरवलेल्या थडग्यांच्या नोंदी कुटुंबांना मिळवून देण्याचे हे काम इनुइट संघटनांच्या आग्रहामुळे उभे राहिले. साठ वर्षांपूर्वी त्या जहाजाच्या धक्क्यावर अशी एखादी संघटना उभी असती, तर निदान निरोप घेण्यापुरती सवड तरी मिळाली असती, असे आम्हांला वाटते.

संघटना आली कुठून? आमच्या मते तिची दोन मुळे होती. एक मूळ सहकाराचे. १९५९ साली क्यूबेकच्या उत्तर भागात जॉर्ज रिव्हर येथे मासेमारांची सहकारी संस्था निघाली, आणि पुढे वस्तीवस्तीत कोरीव मूर्ती, चित्रे, कातडी, मासे यांच्या विक्रीसाठी अशा संस्था झाल्या. ज्यांनी कधी सभेचे कामकाज पाहिले नव्हते ते लोक हिशेब तपासू लागले, अध्यक्ष निवडू लागले, ठराव मांडू लागले. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचे राजकारण ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना सहकारातून पुढारी कसे तयार होतात हे सांगायला नको, मग ते चांगले असोत वा वाईट. दुसरे मूळ शाळांचे, आणि ते कडू आहे. मुलांना घरापासून तोडून दूरच्या वसतिगृहांत ठेवण्यात आले. मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाल्या. काही ठिकाणी अत्याचारही झाले. परंतु चर्चिल येथील प्रशिक्षण केंद्रासारख्या ठिकाणी निरनिराळ्या किनाऱ्यांवरची मुले प्रथमच एकत्र आली. त्यांना इंग्रजी आली, कायद्याची भाषा आली, आणि आपले दुखणे एकच आहे हेही कळले. अमागोआलिक हे याच केंद्राचे विद्यार्थी.

१९७० साली पश्चिमेकडे ॲग्नेस सेमलर आणि नेली कूर्नॉयेआ यांनी पहिली हक्क समिती काढली. कूर्नॉयेआबाई पुढे १९९१ ते १९९५ या काळात वायव्य प्रदेशाच्या मुख्यमंत्री झाल्या. १९७१ साली टगाक कर्ली यांच्या अध्यक्षतेखाली 'इनुइट तापिरिसात' ही अखिल कॅनडा संघटना स्थापन झाली. २००१ पासून तिचे नाव 'इनुइट तापिरीत कानातामी' आहे, म्हणजे 'कॅनडातील इनुइट एक आहेत'. तेलकंपन्या आणि धरणबांधणी करणारे उत्तरेत उतरले होते. वेळ थोडा होता.

या संघटनेचे पहिले मोठे काम मोर्चाचे नव्हते, नकाशांचे होते. सरकारचे म्हणणे असे की जमीन ओसाड आहे, तुमची कशावरून? तेव्हा वस्त्यांतील शिकाऱ्यांसमोर नकाशा ठेवून प्रत्येकाने आपल्या आयुष्यात कुठे सील मारला, कुठे हरणांच्या मागे गेलो, कुठे मासे धरले ते रेषांनी काढायचे, असे काम हाती घेतले. म्हाताऱ्यांनी वडिलांच्या वाटाही सांगितल्या. हे सारे १९७६ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाले. त्या रेषा एकावर एक ठेवल्यावर रिकामा भाग फारसा उरलाच नाही. त्याच वर्षी संघटनेने 'नुनावुत', म्हणजे 'आमची भूमी', या नव्या प्रदेशाची मागणी केंद्रापुढे ठेवली.

येथे अलास्काचा उल्लेख केला पाहिजे, कारण शेजारी घडलेले सर्वजण पाहत होते. तेथे १९७१ च्या कायद्याने मूळनिवासी लोकांना सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर मिळाले. ऐकायला भरघोस. परंतु ती जमीन समाजाच्या नावे नव्हे, प्रादेशिक आणि गावपातळीवरील कंपन्यांच्या नावे झाली आणि माणसे भागधारक बनली. १८ डिसेंबर १९७१ नंतर जन्मलेल्या मुलाला मूळ कायद्यात भागच नव्हता. एकाच घरात थोरला भाऊ जमिनीचा धनी आणि धाकटा उपरा. पुढे दुरुस्ती झाली. पण कॅनडातील इनुइटांनी त्यातून धडा घेतला. अलास्कातही एबेन हॉप्सन यांच्यासारख्या पुढाऱ्याने १९७२ साली उत्तर किनाऱ्यावर स्थानिक स्वराज्य संस्था उभी करून तेलाच्या प्रकल्पांवर कर बसवला आणि त्यातून शाळा बांधल्या. कंपनीने जे दिले नाही ते नगरपालिकेने दिले, असे म्हणता येईल.

क्यूबेकमध्ये १९७५ साली जेम्स उपसागराच्या धरणाच्या निमित्ताने करार झाला. चार्ली वॉट आणि त्यांचे तरुण सहकारी वाटाघाटीला बसले होते. शाळामंडळ, प्रादेशिक प्रशासन, आरोग्यमंडळ आणि इनुइटांच्या वाट्याचे ९ कोटी डॉलर मिळाले. परंतु करारात एक अट होती की करारात लिहिलेले हक्क मिळतील आणि त्याबदल्यात जमिनीवरचा मूळ हक्क सोडावा लागेल. पुवुर्नितुक आणि इवुजिविक ही गावे, आणि साल्लुइटमधील काही लोक, यांनी सही करण्यास नकार दिला. त्यांना हट्टी म्हटले गेले. याच पुवुर्नितुकने १९८६ साली आणखी एक हट्ट केला. तोवर गर्भवतींना बाळंतपणाच्या काही आठवडे आधी विमानाने दक्षिणेला पाठवत. त्या अनोळखी शहरात एकट्या बाळंत होत. गावातील स्त्रियांनी स्वतःचे प्रसूतिगृह मागितले आणि इनुइट सुईणींना तेथेच शिकवून तयार केले. आमच्या व्यवसायातील अनेकांनी तेव्हा माना हलवल्या. त्या किनाऱ्यावरची बहुसंख्य बाळंतपणे आज तेथेच, त्या सुईणींच्या हातून होतात, आणि त्यांचे परिणाम समाधानकारक असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. आम्हांला विचाराल तर समाजसंघटनेचे याहून बोलके यश दाखवता येणार नाही.

आता नुनावुतकडे येऊ. सरकार म्हणे, जमिनीचा करार करू, पण नवा प्रदेश त्यात आणू नका. इनुइट वाटाघाटीकार म्हणत, प्रदेशाशिवाय सही नाही. या एका मुद्द्यावर ते वर्षानुवर्षे अडून बसले. १९८२ साली वायव्य प्रदेशाच्या विभाजनावर सार्वमत झाले. सुमारे ५६ टक्के मतदार अनुकूल. १९९२ च्या मे महिन्यात सीमारेषेवर पुन्हा सार्वमत, त्यात सुमारे ५४ टक्के. त्याच वर्षी नोव्हेंबरात केवळ इनुइटांनी करारावर मतदान केले. येथे नियम कडक होता. झालेल्या मतांचे बहुमत पुरेसे नव्हते. एकूण पात्र मतदारांचे बहुमत हवे होते, म्हणजे घरी बसलेला माणूस विरोधकच गणला जाणार. एकूण पात्र मतदारांपैकी ६९ टक्क्यांनी होकार दिला. त्या वस्त्यांना जोडणारा एकही रस्ता नाही, हे लक्षात घेतले म्हणजे यामागच्या कार्यकर्त्यांचे कष्ट कळतात. २५ मे १९९३ रोजी करारावर सह्या झाल्या आणि १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत अस्तित्वात आले. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सहापटीहून अधिक. लोकसंख्या २०२१ साली सुमारे ३७ हजार, त्यांत दर शंभरात ८४-८५ इनुइट. पूर्वतयारीच्या आयोगाचे प्रमुख होते जॉन अमागोआलिक, १९५३ साली जहाजावर चढवलेला तोच मुलगा. पहिले मुख्यमंत्री पॉल ओकालिक अवघे चौतीस वर्षांचे वकील होते.

मित्रहो, या रचनेतील एका गोष्टीकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. नुनावुतचे सरकार इनुइटांचे जातीय सरकार नाही. तेथे राहणाऱ्या प्रत्येक नागरिकाला मत आहे. मतदारसंघ राखीव नाहीत. पक्षही नाहीत. निवडून आलेले सदस्य आपल्यातून मुख्यमंत्री आणि मंत्री निवडतात आणि सभागृहात वर्तुळाकार बसतात. याच्या शेजारी दुसरी संस्था आहे, 'नुनावुत तुन्नगाविक'. ती फक्त इनुइटांची आहे. करारात मिळालेली सुमारे ३ लाख ५६ हजार चौरस किलोमीटर जमीन, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा मोठी, तिच्या व्यवस्थेत आहे. त्यांपैकी सुमारे दशांश जमिनीतील खनिजांचाही हक्क आहे. चौदा वर्षांत मिळालेल्या ११४ कोटी ८० लाख डॉलरांसाठी स्वतंत्र न्यास आहे. तिच्या अध्यक्षाची निवड वयाची सोळा वर्षे पूर्ण झालेले इनुइट करतात. सरकार सर्वांचे, संघटना आपली. आणि सरकारने करार मोडला तर संघटनेने त्याला न्यायालयात खेचायचे.

आपल्यापैकी ज्येष्ठांना येथे १९३२ ची आठवण होणे स्वाभाविक आहे. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी मागितलेले स्वतंत्र मतदारसंघ ऑगस्टच्या निवाड्याने मिळाले आणि सप्टेंबरात पुणे कराराने गेले. त्याऐवजी संयुक्त मतदारसंघात १४८ राखीव जागा आल्या. प्रतिनिधी आपला, पण त्याला निवडणारे बहुसंख्य दुसरे, हा पेच तेव्हापासूनचा. इनुइटांनी संयुक्त मतदारसंघ आनंदाने स्वीकारला, कारण तेथे बहुसंख्य तेच आहेत. आपला समाज प्रत्येक गावात अल्पसंख्य. १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी का झाली, हे नुनावुतचा नकाशा समोर ठेवून वाचले की अधिक उलगडते. तरीही इनुइटांनी बहुमतावर विसंबून संघटना गुंडाळली नाही. उद्या खाणींसाठी बाहेरची माणसे आली आणि मतांचे प्रमाण बदलले, तर जमीन आणि करार संघटनेच्या हाती राहावेत, हा त्यामागचा हिशेब आहे.

या हिशेबाची परीक्षाही झाली. करारात असे कलम आहे की सरकारी नोकऱ्यांत इनुइटांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येइतके असावे, म्हणजे सुमारे ८५ टक्के. प्रत्यक्षात ते निम्म्याच्या आसपास घुटमळले, आणि वरच्या जागांवर त्याहून कमी. अनुशेष हा शब्द आपल्याला परिचित आहेच. २००६ साली संघटनेने केंद्र सरकारवर १ अब्ज डॉलरांचा दावा लावला. २०१५ साली तडजोड होऊन २५ कोटी ५५ लाख डॉलर मिळाले, त्यांतील मोठा भाग प्रशिक्षणासाठी. सभागृहातील आमदार हा दावा लावू शकले नसते. त्यांच्या सरकारचा खर्च बहुतांश ओटावाहूनच येतो.

सर्व काही सुरळीत झाले असे आम्ही मुळीच सांगणार नाही. १९९७ साली प्रत्येक मतदारसंघातून एक पुरुष आणि एक स्त्री निवडावी, असा प्रस्ताव सार्वमताला आला. जगात कोठेही नसलेली समसमान विधानसभा झाली असती. ५७ टक्क्यांनी तो फेटाळला. विरोधकांत काही कर्तबगार स्त्रियाही होत्या. त्यांचे म्हणणे, आम्हांला कुबडी नको. हा युक्तिवाद आपण दुसऱ्या संदर्भात पुष्कळदा ऐकला आहे, आणि आमचे मत त्याच्या विरुद्ध आहे. क्षयरोगही संपलेला नाही. इनुइट भूमीतील त्याचे प्रमाण कॅनडात जन्मलेल्या बिगर-मूळनिवासी लोकांच्या सुमारे ३०० पट असल्याचे दिसल्यावर २०१८ साली सरकार आणि संघटना यांनी २०३० पर्यंत त्याचे उच्चाटन करण्याचे ठरवले. आमचे वैद्यकीय मत विचाराल तर एका घरात दहा-बारा माणसे दाटीवाटीने राहत असतील, तोवर औषधे अर्धेच काम करतील. तरुणांच्या आत्महत्यांचा प्रश्न याहून दुःखद आहे. त्यासाठी राष्ट्रीय संघटनेने २०१६ साली स्वतःची योजना आखली, सरकारची वाट पाहिली नाही.

अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंड येथील इनुइटांची परिषद हॉप्सन यांच्या पुढाकाराने १९७७ साली भरली. तिला १९८३ साली संयुक्त राष्ट्रांत सल्लागार दर्जा मिळाला, आणि १९९६ साली स्थापन झालेल्या आर्क्टिक परिषदेत राष्ट्रांच्या बरोबरीने मेजावर बसण्याचा मानही मिळाला, मताधिकार नसला तरी. याचा उपयोग पाहा. १९८० नंतरच्या दशकात नुनाविकमधील मातांच्या दुधात पीसीबी नावाचे कारखानी विष दक्षिणेतील मातांच्या सुमारे पाचपट आढळले. जे विष त्यांनी कधी वापरले नाही, ते वारा आणि समुद्र यांतून मासे, सील, देवमासा यांच्या चरबीत उतरले होते. डॉक्टरांपुढे प्रश्न पडला की आईला दूध पाजू नको म्हणायचे काय? इनुइट संघटनांनी तसे म्हणण्यास नकार दिला आणि विष तयार करणाऱ्यांकडे बोट दाखवले. शीला वॉट-क्लूटिए यांनी जागतिक वाटाघाटींत आई आणि मूल यांची एक कोरीव मूर्ती भेट दिली. ती बैठकांत अध्यक्षांच्या मेजावर ठेवली जाई. २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या प्रस्तावनेत आर्क्टिकमधील मूळनिवासींचा उल्लेख आहे, तो उगाच आलेला नाही.

शेवटी, घरापासून दूर राहणाऱ्यांविषयी. दर दहांपैकी तीन कॅनेडियन इनुइट आज आपल्या भूमीबाहेर राहतात. कोणी शिक्षणासाठी, कोणी नोकरीसाठी, कोणी आजारी आप्ताबरोबर आले आणि राहिले. दक्षिणेतील रुग्णालयांत त्यांची गाठ पडते. भुवया उंचावल्या म्हणजे 'होय', नाक आक्रसले म्हणजे 'नाही'. हे ठाऊक नसलेला डॉक्टर समजतो की रुग्ण उत्तरच देत नाही. अशा वेळी दुभाषी, निवारा, सोबत मिळावी म्हणून ओटावात १९८७ पासून 'तुंगासुव्विंगात इनुइट' हे केंद्र चालते. तेथे मुलांना भाषा आणि ढोलनृत्य शिकवतात. आपल्या रविवारच्या वर्गांसारखेच.

परंतु दूर गेलेल्याने मत कोठे द्यायचे? लॅब्राडोरच्या इनुइटांनी याचे उत्तर काढले आहे. २००५ साली स्थापन झालेल्या त्यांच्या नुनात्सियावुत सरकारच्या विधानसभेत गावांच्या मतदारसंघांबरोबर एका मतदारसंघाचे नावच 'कॅनडा' असे आहे. आपल्या भूमीबाहेर, देशात कोठेही राहणाऱ्या सभासदांचे प्रतिनिधी त्यातून निवडले जातात आणि गावच्या प्रतिनिधींबरोबर बसतात.

हे सारे सभासदांच्या यादीवर अवलंबून असते, आणि ती यादी कोणी करायची यावर त्यांचा कटाक्ष आहे. नुनावुतच्या करारात इनुक कोण हे सरकारी कचेरी ठरवत नाही. प्रत्येक वस्तीची नोंदणी समिती ठरवते. तरीही खोटी माहिती देऊन यादीत नावे घालून शिष्यवृत्त्या लाटल्याचे प्रकरण अलीकडे न्यायालयात गेले आणि शिक्षा झाली. बोगस दाखल्यांचा अनुभव असलेल्या आपल्या लोकांना याचे आश्चर्य वाटू नये. त्यानंतर छाननी अधिक कडक करण्याचा आग्रह वाढला. ओटावात किंवा टोरंटोत जन्मलेले इनुइट मूल आपोआप यादीत येत नाही. त्यासाठी आईवडिलांना अर्ज भरून गावच्या समितीकडे पाठवावा लागतो.